कठडा आधीच तुटलेला

टीव्हीवर मारामारीचा चित्रपट लागला की आजी खुर्ची पुढे ओढून बसायची आणि तिच्या पायाशी मांडी घालून तिची नात. दोघींच्या मध्ये बिस्किटांचा डबा. नियम सोपा होता. चित्रपटातली चूक पकडली की एक बिस्किट. या सुट्टीत नातीने इतकी बिस्किटं जिंकली होती की आजी तिला खारूताई म्हणू लागली होती.

"थांब, थांब, थांब!" खारूताई किंचाळली की आजी रिमोटचं बटण दाबून चित्र जागच्या जागी गोठवायची.

"गोळी डाव्या खांद्याला लागली होती. पट्टी बघ कुठल्या खांद्याला आहे!"

"शाबास. घे. आणि गंमत बघ, खांदा बदलला तरी कण्हणं तेच आहे."

"आजी, त्या पिस्तुलात गोळ्या असतात तरी किती?"

"गुंडांची माणसं संपेपर्यंत पुरतील इतक्या."

दोघी हसायच्या. नातीची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, तिचं जेवण जायचं नाही हं अशाने!" पण तिच्याकडे लक्ष द्यायला इथे वेळ कोणाला होता?

आजीला हे सगळं उगाच जमत नव्हतं. तिचं आयुष्यच या कामात गेलं होतं. चित्रपट आपल्याला ज्या क्रमाने दिसतो त्या क्रमाने तो कधीच काढत नाहीत. नायक दार उघडून आत जातो ना, ते दाराबाहेरचं चित्रीकरण आज होतं आणि आतलं कदाचित महिन्याने, दुसऱ्याच गावी. मग बाहेर त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल तर आतही ते उघडंच असायला हवं. कपात चहा अर्धा असेल तर अर्धाच. हे डोळ्यांत तेल घालून पाहणारं एक माणूस प्रत्येक सेटवर असतं. त्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात, पण आजीला सगळे जुळणीबाई म्हणत. स्पॉटबॉयपासून दिग्दर्शकापर्यंत सगळे.

खारूताईला सगळ्यात आवडलेली गोष्ट नजरेची होती.

"पडद्यावर दोघं एकमेकांशी भांडताना दिसतात ना," आजीने तिला सांगितलं होतं, "पण चित्रीकरणाला पुष्कळदा एकटाच असतो. दुसरा घरी घोरत पडलेला. मग हा बघणार कोणाकडे? म्हणून मी कॅमेऱ्याच्या शेजारी, डाव्या हाताला उभी राहायचे आणि अशी मूठ वर धरायचे. त्याला सांगायचे, ही मूठ म्हणजे तो दुसरा माणूस. हिच्याकडे बघून बोल."

"मुठीकडे बघून रडायचं सुद्धा?"

"रडायचं, भांडायचं, लग्नाला हो म्हणायचं. नजर जुळली नाही तर माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, भिंतीशी बोलतात."

त्यानंतर आठवडाभर खारूताई घरात ज्याच्या त्याच्यापुढे मूठ धरून फिरत होती.

पण एक चित्रपट होता, ज्यावर आजीने काम केलं होतं आणि जो तिने कधीच पाहिला नव्हता. हिरव्या गाडीचा चित्रपट. कपाटात त्या गाडीला टेकून उभ्या असलेल्या तरुण आजीचा फोटो होता, म्हणून नातीला तो ठाऊक होता. एका दुपारी तो लागला. जुन्या चित्रपटांच्या प्रती हल्ली धुऊनपुसून लख्ख करतात, तसा तोही केलेला.

"आजी, तुझी गाडी!"

आजीचा अंगठा वाहिनी बदलायच्या बटणावर गेला आणि तिथेच थबकला.

"लाव ना, आजी. प्लीज. तुझ्या कामात मी एक तरी चूक काढणार म्हणजे काढणारच."

"काढ बरं," आजी म्हणाली. एवढी वर्षं झाली. गाडी काही टीव्हीतून बाहेर येणार नव्हती.

गाड्या खरं तर दोन होत्या. एक पळवायची, एक जाळायची. दोन्ही रंगवल्या होत्या आजीच्या धाकट्या भावाने. त्याचे केस कितीही तेल लावलं तरी ताठ उभे राहत आणि हातात सदानकदा रंगाचा डबा, म्हणून सगळे त्याला ब्रश म्हणत. त्याने दोन्ही गाड्या इतक्या एकसारख्या करून टाकल्या होत्या की कुठली कुठली हे जुळणीबाईलाही ओळखता येईना. "हरलीस की नाही, ताई?" म्हणून तो तिला दिवसभर पिडायचा. जेवणाच्या सुट्टीत जी गाडी सावलीत असेल तिच्या मागच्या सीटवर तो ताणून द्यायचा. सगळ्या युनिटला ते माहीत होतं. काम सुरू व्हायच्या वेळी कोणीतरी काचेवर टकटक करायचं आणि मग हा डोळे चोळत बाहेर.

गाडी जाळायच्या दिवशी सकाळी घरात बाप-लेकांचं जोरात वाजलं. कारण नेहमीचंच. वडिलांना तो आपल्या दुकानात हवा होता, त्याला रंगात हात बुडवायचे होते. वडील म्हणाले, "चालता हो. परत तोंड दाखवू नकोस." ब्रश कामावर आला तो खांद्याला पिशवी लावूनच. ताईशीही बोलला नाही. दुपारी जेवणानंतर चालकाशिवाय ढकललेली हिरवी गाडी जुन्या पुलाचा कठडा फोडून, पेटून, खोल नदीत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात घरून निरोप आला. त्याचे कपडे खुंटीवर नाहीत, आई उंबऱ्यात बसून आहे, असशील तशी ये.

काम अर्धं टाकून जुळणीबाई निघून गेली. आयुष्यात एकदाच. बसगाड्यांचा तळ, मित्रांची घरं, दवाखाने, सगळं पालथं घातलं. ब्रश सापडला नाही.

"गेला," वडील संध्याकाळी म्हणाले. "मागे वळूनही पाहिलं नाही."

ते वाक्य मग घराचंच झालं. कोणी विचारलं की आई तेच म्हणायची. आई-वडील गेल्यावर आजी म्हणू लागली. रागाने म्हणायची. राग धरून ठेवणं तिला जमत होतं, त्याखाली जे होतं ते धरता आलं नसतं.

चित्रपट पुलापर्यंत आला. नायक एकटाच गाडी हाणत होता. गाडी कॅमेऱ्याच्या अंगावरून गेल्यासारखी गेली आणि पुलावर लांब पळत सुटली.

"थांब!"

आजीने बटण दाबलं.

"आजी, गाडीत मागे कोणीतरी आहे."

"सावली असेल, बाळा."

"सावलीला केस असतात?"

आजी उठून टीव्हीजवळ गेली. गाडीच्या मागच्या काचेत एक डोकं वर आलं होतं. चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलंच नाही. दिसले ते केस. ताठ, सगळे वरच्या वर.

रिमोट आता खारूताईच्या हातात होता. तिने नुसतं पुढचं बघायचं म्हणून बटण पुन्हा दाबलं. गाडी वळली, कठड्यावर आदळली, कठडा फुटला आणि जाळाचा लोळ उठला. धुऊनपुसून काढलेल्या प्रतीत तो जाळ इतका झळाळत होता की समोरच्या भिंतीवर नारिंगी उजेड पडला.

"बिस्किट?" नातीने हळूच विचारलं.

आजीने सगळा डबाच तिच्या मांडीवर ठेवला. खारूताईने त्यातलं एकही खाल्लं नाही.

आजीला आता एकच गोष्ट दिसत होती. जेवणाची सुट्टी. हिरवी गाडी सावलीत. मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपलेला ब्रश, उशाला पिशवी. आणि त्या दिवशी, नेमकं त्याच दिवशी, काचेवर कोणीच टकटक केली नाही. ती स्वतः गाडीच्या बाजूला उभी होती की! काचा वर आहेत ना, एवढं तिने पाहिलं होतं. आधीच्या शॉटमध्ये वर होत्या म्हणून. काचेच्या आत तिने पाहिलं नव्हतं. मग हात वर करून तिने खूण केली होती, माझ्याकडून सगळं जुळलंय. त्या खुणेनंतर गाडी पेटली होती.

नदी तिथे खोल होती. गाडीचा सांगाडा कोणी वर काढलाच नाही.

त्यानंतर घरात आजीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. टीव्ही बंद असला की त्या काळ्या काचेत तिला खोलीतल्या खुर्च्या दिसत आणि खुर्च्यांमागे कोणीतरी उठून बसल्यासारखं वाटे. शेजारच्या घराच्या खिडक्यांना रंग देत होते, तर तिने भरदुपारी आपली सगळी दारं लावून घेतली. रस्त्याने जाताना उभ्या गाडीजवळ तिचे पाय अडायचे. एकदा तर तिने एका गाडीच्या मागच्या काचेवर बोटाने टकटक केली आणि वाकून आत पाहिलं. गाडीवाला पिशव्या घेऊन मागे उभाच होता.

"काय हवंय, आजी?"

"काही नाही. कोणी झोपलं नाही ना, ते बघत होते."

सून संध्याकाळी म्हणाली, "आई, डोळे एकदा दाखवून घेऊ या का?" डोळ्यांना काय धाड भरली होती? डोळ्यांना दिसत होतं हेच तर दुखणं होतं. इतकी वर्षं ती ज्याच्यावर रागावली होती, तो पुलावरून पुढे गेलाच नसेल तर? आणि आता हे सांगायचं तरी कोणाला? ज्यांनी त्याला शिव्या घातल्या ते गेले, ज्यांनी त्याची वाट पाहिली तेही गेले. उरली होती एकटी तीच.

एक माणूस मात्र होता. गाड्या उडवणारा, नायकाचा कोट आणि टोप घालून त्याच्या जागी गाडी पळवणारा वस्ताद. तोही आता म्हातारा झाला होता. आजीने त्याला फोन लावला.

"जुळणीबाई! अहो, सूर्य कुठे उगवला आज?"

"सहज केला. गुडघे कसे आहेत?"

"उजवा ठणठणीत. पुढे एका चित्रपटात उडी मारताना मोडला तो डावा. तुमचे?"

"माझे न उड्या मारताच गेले."

दोघं हसले. मग बराच वेळ दोघं गुडघ्यांवरच बोलत राहिले. आजीच्या ओठांवर प्रश्न आला होता. जेवणानंतर गाडीची काच कोणी वाजवली होती का? पण तो म्हणाला असता, नाही, तर? तिने "बरंय, काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला.

खारूताई हे सगळं पाहत होती. आजीला काय झालंय ते तिला कळत नव्हतं, पण त्या डोक्यानंतर झालंय एवढं कळत होतं. लहान मुलांना वाटतं ना, ज्या खेळाने माणूस रुसलं त्याच खेळाने ते हसेल, तसं तिला वाटलं. बाबांनी तो चित्रपट टीव्हीवर रेकॉर्ड करून ठेवला होता. आजी अंघोळीला गेली की ती एकटीच पुलाचं दृश्य लावायची आणि ते पुढे-मागे करत बसायची.

"आजी," ती एका सकाळी म्हणाली, "मला एक मोठी चूक सापडलीय. रागावशील?"

"त्याच चित्रपटात?"

"हो. एकदाच बघ. त्या माणसाकडे बघूच नकोस. गाडीच्या पलीकडे बघ."

आजीला नको म्हणायचं होतं. पण समोर इवलंसं तोंड करून पोर उभी, आणि कधी नव्हे ते बिस्किट मागत नव्हती. आजी खुर्चीत बसली, हात मांडीवर घट्ट धरून.

खारूताईने चित्र गोठवलं आणि पडद्याला बोट लावलं. "कठडा बघ."

पुलावर, पळणाऱ्या गाडीच्या बरंच पुढे, उजव्या हाताला कठड्याची रांग मध्येच तुटली होती. त्या खिंडारावर कोणीतरी घाईघाईने फळ्या उभ्या करून पोती टांगली होती.

"गाडी अजून पडायचीच आहे, आणि कठडा आधीच तुटलेला!" खारूताई म्हणाली. "कठडा गाडीनेच तोडला ना? मग आधी कोणी तोडला? इतकी मोठी चूक तू कशी होऊ दिलीस?"

आजी खुर्चीतून पुढे वाकली. ती रागावली असं वाटून नात घाबरली आणि आजीनेच शिकवलेलं वाक्य घाईने म्हणून मोकळी झाली. "तूच सांगितलंस ना? पडद्यावर आधी दिसतं ते आधी झालेलं असतंच असं नाही. मग हे नंतरचं आहे. आधी स्फोट झाला आणि मग हे काढलं. हो ना?"

"हो," आजी म्हणाली. "हे नंतरचं आहे."

स्फोट दुपारी झाला होता. तुटका कठडा चित्रात होता, म्हणजे हे चित्र स्फोटानंतरचं होतं. जी गाडी जळली ती नदीत होती, आणि ही तिची जुळी होती, पळवायची. ब्रश तिच्यात होता. कठडा तुटल्यानंतर तो डोकं वर काढून बसला होता. जिवंत.

आणि ही चूक चित्रपटात राहिली कशी, तेही आजीला त्याच क्षणी कळलं. चूक पकडणारी तिथे नव्हती म्हणून. संकलक एकदा म्हणालाही होता, बाई, तुमच्या गैरहजेरीत एक घोटाळा राहून गेलाय, बघाल तेव्हा हसाल. तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती भावाला शोधत गावभर फिरत होती आणि तेवढ्यात इथे कॅमेऱ्यासमोरून तो पूल ओलांडत होता.

तिने फोन लावला. या वेळी गुडघे आले नाहीत.

"वस्ताद, स्फोट झाला त्या संध्याकाळी तुम्ही पुलावरून गाडी परत पळवलीत?"

"पळवली की. आधीचा शॉट कॅमेऱ्यात बिघडला होता. मी म्हटलं, कठडा दिसेल. तर दिग्दर्शक म्हणतो, एवढ्या वेगात कोण बघतंय?"

"गाडीत मागे कोण होतं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाई," वस्ताद म्हणाला, "हे विचारायला तुम्ही फार वर्षं लावलीत."

"मला आत्ता दिसलं."

"पलीकडे बस मिळेल, पुलापार सोडा म्हणाला. इकडच्या तळावर घरचे शोधताहेत हे त्याला कळलं होतं. शपथ घातली मला, ताईला सांगायचं नाही. सीटखाली पडून राहा म्हटलं, कॅमेरा चालू आहे."

"पण तो उठला."

"उठला. मी शिव्या घातल्या. तर म्हणतो, ताई कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला उभी असते, एकदा बघू दे." वस्ताद खाकरला. "मग म्हणाला, आज नाहीये. रागावली असेल."

आजीने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"पुढे?"

"पलीकडे उतरला. पत्र टाकतो म्हणाला. कुठली बस धरली ते मी नाही पाहिलं, मला परत यायचं होतं. पत्र आलं का हो कधी?"

"नाही."

"मी दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. पण त्याचा विषय निघाला की तुम्ही तोंड फिरवायचात. मला वाटलं, तुम्हाला नकोच असेल."

फोन ठेवून आजी बाहेरच्या खोलीत आली. पडद्यावर ते चित्र तसंच गोठलेलं होतं. मागच्या काचेतला चेहरा आता तिने पाहिला. तो कॅमेऱ्यात बघतच नव्हता. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, डाव्या हाताला बघत होता. तिथे कोणीच नव्हतं, आणि तो तरी बघत होता.

"हा कोण आहे, आजी?"

"माझा धाकटा भाऊ."

"जो मागे वळूनही बघत नाही तो?" घरात ऐकलेलं वाक्य, पोरीने सरळ विचारलं.

"तोच."

खारूताईने पडद्याकडे पाहिलं, मग आजीकडे. मग तिने आजीची खुर्ची धरली आणि ओढू लागली. "इथे बसून जुळत नाही," ती म्हणाली. "डावीकडे सरक. अजून. अजून थोडी. थांब!"

आजी बसली. बसल्यावर तिचा उजवा हात आपसूक वर गेला, बोटं मिटली आणि मूठ डोळ्यांच्या रेषेत उभी राहिली, पूर्वीसारखी.

खारूताई टीव्हीच्या बाजूला जाऊन एक डोळा मिटून पडद्यावरच्या माणसाकडून आजीच्या मुठीपर्यंत रेघ मारत होती. "जुळली," ती म्हणाली. "पुढे जाऊ देऊ?"

पुढे तो जाळ होता.

"नको," आजी म्हणाली. "अजून थोडा वेळ राहू दे."

हात भरून येऊ लागला होता, खांद्यापर्यंत कळ गेली होती. पण समोरचा बघत असेतो मूठ खाली घ्यायची नसते.